दंडाचे डबे

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी सालेतोआ बेटावरच्या एकेचाळीस घरांचा एका आठवड्याचा कचरा पेनितला मास्तरने शाळेच्या पटांगणात ताडपत्रीवर ओतला आणि मोजला. टोमॅटोच्या रसातल्या माशांचे रिकामे डबे, दोनशे सत्त्याऐंशी. खारवलेल्या गोमांसाचे डबे, चौसष्ट. नूडल्सची पाकिटं, चारशे दहा. प्लॅस्टिकच्या बाटल्या, एकशे अठ्ठावन्न. बाळांचे वापरलेले डायपर, दोनशे तेहतीस. हे त्याने लांब काठीने मोजले आणि वहीत तशी नोंद केली. भट्टीत भाजताना पानांऐवजी गुंडाळलेल्या चंदेरी कागदाचे गोळे, ब्याण्णव. पुठ्ठ्याची खोकी, सदतीस. रबरी चपला अकरा, त्यातल्या नऊ डाव्या पायाच्या. एक टेबलफॅन, पाती नसलेला. एकूण वजन दोनशे तीन किलो.

नऊ डाव्या चपलांचं कारण शोधण्यासाठी त्याने वहीत अर्धं पान मोकळं सोडलं. ते मोकळंच राहिलं.

सालेतोआ हे सामोआच्या दोन मोठ्या बेटांमधल्या सामुद्रधुनीत पडलेलं एक लहानसं बेट. तिथे जे येतं ते होडीने येतं, आणि परत काहीच जात नाही, नोकरीसाठी न्यूझीलंडला गेलेली माणसं नि ताजे मासे सोडले तर. त्यामुळे गावाला एक खड्डा आहे. खड्डा सहा मीटर लांब, चार मीटर रुंद. त्या शुक्रवारी काठापासून कचऱ्यापर्यंत पंचावन्न सेंटिमीटर उरले होते, आणि दर आठवड्याचा कचरा दबून दबून साडेचार सेंटिमीटर खात होता. म्हणजे बारा आठवडे.

नवा खड्डा कुठे खणायचा यावर मानकऱ्यांच्या सभेत वाद झाला नाही. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. सालेतोआ म्हणजे समुद्रातून वर आलेला काळा कातळ. दीड पुरुष खोल माती उरली आहे ती एकाच जागी, पेनितलाच्या घरामागे. आणि त्या मातीत त्याच्या वडिलांनी मोठ्या वादळानंतर लावलेले सात नीरफणस उभे होते. वडील जाऊन चौदा महिने झाले होते. ते रिवाजाप्रमाणे घरापुढच्या अंगणात सिमेंटखाली झोपले होते, झाडं मागे होती, आणि मधल्या घरात पेनितला, त्याची बायको माकेरीता आणि वडिलांकडून आलेलं मानकरीपद असे तिघे राहत होते. तिघांत पद सगळ्यात नवं. सभाघरात प्रत्येक मानकऱ्याला पाठ टेकायला ठरलेला खांब असतो. पेनितलाचा खांब शेवटचा होता, जिथे पावसाची झड आत येते.

आशा एकच होती. जुलैमध्ये राजधानीहून एक सपाट बोट लहान बेटांवरचे डबे नि बाटल्या उचलायला येणार होती; मात्र ज्या गावांनी आपला कचरा निम्म्यावर आणला असेल त्यांच्याकडेच. कचरा निम्मा झाला तर बारा आठवड्यांचे चोवीस होतात आणि चोविसावा आठवडा जुलैत पडतो. खड्डा टिकेल, बोट येईल, झाडं राहतील. गणित इतकं सुबक होतं की पेनितलाला तेव्हाच संशय यायला हवा होता.

सोमवारी सभेत कावाचे प्याले फिरून झाल्यावर त्याने आपले आकडे वाचून दाखवले. प्रमुख मानकरी वाईमाना डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत की ऐकताहेत हे गेल्या दहा वर्षांत कोणाला नक्की सांगता आलेलं नाही. आकडे संपल्यावर गावाचा वक्ता तुलिमा उठला. तुलिमाच्या खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी असते आणि बोलताना ती एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. ती मध्येच थांबली की समोरच्याने सावध व्हावं.

"मास्तरांच्या आकड्यांनी सभेचे कान धन्य झाले," तुलिमा म्हणाला. "घरटी आठवड्याला अडीच किलोंची मर्यादा, हेही पटलं. आता एवढंच सांगा, जो ऐकणार नाही त्याचं काय करायचं?" चवरी थांबली.

"लोकांना समजावून सांगू," पेनितला म्हणाला.

सभा हसली नाही. सगळ्यांनी सभ्यपणे चटईकडे पाहिलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

"मास्तर पोरांना शिकवतात," तुलिमा हळुवारपणे म्हणाला, "त्यामुळे त्यांची माणसांशी फारशी ओळख नाही. अडीच किलोच्या वर गेलं, एक खोकं. ठरलं?"

कसलं खोकं, हे कोणी विचारलं नाही. सालेतोआत पाळण्यातल्या पोरालाही ते माहीत असतं. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाल्यावर रस्त्यावर दिसलात, माशांच्या डब्यांचं एक खोकं. दारू पिऊन गाणी म्हटलीत, दोन. मानकऱ्याला उलट बोललात, पाच खोकी नि एक डुक्कर. दंड सभेत येतो, मानाप्रमाणे वाटला जातो आणि खाल्ला जातो. शंभर वर्षं गाव असंच सरळ राहिलेलं आहे. पेनितलाने मोठ्या आवाजात अनुमोदन दिलं. विज्ञानाची पदविका भिंतीवर लावणाऱ्या माणसाने दंडालाही वजन असतं हे विसरावं, याची त्याला पुढे फार लाज वाटली. पण त्या सोमवारी सभेने पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून मान डोलावली होती, आणि अठरा माना एकदम डोलत असताना गुणाकार सुचत नाही.

पहिल्याच शुक्रवारी खड्ड्याच्या काठावर दुकानाचा तराजू मांडून त्याने घरोघरच्या गोण्या तोलल्या. एकशे एकाहत्तर किलो. कचरा सहाव्या भागाने उतरला होता. पण तेहतीस घरं अडीच किलोंच्या वर होती, आणि सोमवारी सभाघरात तेहतीस खोकी आली. आठवडाभर मानकऱ्यांच्या घरी पोटभर मासे झाले. पुढच्या शुक्रवारी तराजूने दोनशे बत्तीस दाखवले.

पेनितलाने तराजू उलटा करून झटकला. मग एक रिकामा डबा धुऊन, वाळवून, शाळेच्या नाजूक काट्यावर ठेवला. अठ्ठावन्न ग्रॅम. चोवीस डबे नि पुठ्ठा मिळून एक किलो आठशे बावन्न. गुणिले तेहतीस, एकसष्ट किलो. एकशे एकाहत्तरमध्ये एकसष्ट मिळवले की दोनशे बत्तीस होतात. हे इतकं तंतोतंत जुळलं की क्षणभर त्याला आनंद झाला. त्याच्या आयुष्यात शाळेबाहेरचं कुठलंही गणित असं जुळलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात अडतीस घरांना दंड झाला, कारण आता मानकऱ्यांचीच घरं सगळ्यात जड होती. आणि या सगळ्या खोक्यांचा उगम कुठे होता, तर गावातल्या एकुलत्या एका दुकानात. ते दुकान माकेरीताचं.

"मास्तर दंड ठरवतात, बाईसाहेब मासे विकतात," शेजारचा फेतू कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. "मी म्हणतो, डोकं पाहिजे. आमची ही म्हणते, लाज पाहिजे. मी तिला म्हटलं, असं बोलू नये, मास्तर शेजारी आहेत."

फेतू मासेमार. रोज पहाटे ताजे मासे धरतो, होडीने राजधानीला पाठवतो आणि दुपारी डब्यातले खातो. मोफत सल्ला हा त्याचा दुसरा धंदा. कचरा जाळा, असं त्याने आधी सुचवलं होतं. जाळला, तर धूर पाद्रीबाबांच्या घरात शिरला आणि रविवारी प्रवचनात नरकाचं वर्णन नेहमीपेक्षा सविस्तर आलं. मग म्हणाला, समुद्रात टाका, प्रवाह घेऊन जाईल. काही घरांनी बुधवारी टाकला. प्रवाहाने तो खरोखरच नेला, बेटाला वळसा घालून गुरुवारी दुपारपर्यंत शाळेच्या किनाऱ्याला आणून लावला, आणि त्यात आणखी तीन चपला होत्या.

त्या संध्याकाळी पेनितला दुकानात गेला. माकेरीता नवी खोकी रचत होती. खोक्यांचा ढीग छताला भिडला होता.

"थोडे दिवस मासे विकू नकोस," तो म्हणाला.

"बरं. मग दंड कशात भरतील?"

"भरणार नाहीत."

"दंड न भरलेला माणूस गावात राहतो का कधी? पलीकडच्या बेटावरून आणतील, दुप्पट भाड्याने. डबे तेच, शिव्या मात्र मला." तिने एक खोकं त्याच्या हातात दिलं. "ते वर ठेव. आणि असा उभा राहू नकोस. दुकानात दुःखी माणूस दिसला की लोक बिस्किटं मऊ आहेत का म्हणून विचारतात."

त्याने खोकं वर ठेवलं. तिथून त्याला मागची खिडकी दिसली, आणि खिडकीतून पहिलं झाड.

सोमवारी तुलिमाने सभेत एक नाजूक विषय काढतो अशी प्रस्तावना केली. दुकान हे घर आहे का? सभेने विचार केला. दुकानाला छप्पर आहे, आत माणूस बसतो, आणि त्याची गोणी, म्हणजे पुठ्ठे, पट्ट्या नि खोक्यांवरचं प्लॅस्टिक, गेल्या शुक्रवारी एकतीस किलो भरली होती. तेव्हा ते घरच. म्हणजे मास्तरांची दोन घरं, दोन्ही जड. दोन खोकी. आणि नियम मास्तरांनीच मांडल्यामुळे त्यांना तो माहीत नव्हता असं म्हणता येत नाही, म्हणून तिसरं.

पेनितला स्वतःच्या बायकोच्या दुकानासमोर रांगेत उभा राहिला. पुढे अकरा जण होते. बाराव्यावर खोकी संपली.

"पुढच्या होडीला ये," माकेरीता म्हणाली. मग आवाज उतरवून, "तुला म्हणून बाजूला ठेवली असती, पण फेतू बघतोय."

त्याच आठवड्यात राजधानीच्या घाऊक व्यापाऱ्याने या तिमाहीतलं सर्वोत्तम दुकान म्हणून माकेरीताला एक भलामोठा प्लॅस्टिकचा फलक पाठवला. त्यावर टोमॅटोच्या रसात पोहणारा हसरा मासा होता. पेनितलाने तो तोलला. दोन किलो तीनशे ग्रॅम. एका घराचा आठवडा.

या सगळ्याच्या मध्ये तो राजधानीलाही जाऊन आला, कारण बोटीसाठी फॉर्म भरायचा होता. ऑफिसातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, कोको दिला आणि विचारलं, "कचरा वाहणाऱ्या गाडीचा नंबर?"

"गाडी नाही. हातगाडी आहे."

"चाकं किती?"

"एक."

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "एका चाकाचं वाहन यादीत नाही. दोनपासून सुरू होतं." त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "बरं, तराजू? प्रमाणित आहे का?"

"दुकानाचा आहे. त्यावर शिक्का आहे."

"हा शिक्का पीठ नि साखर यांचा आहे, मास्तर. यावर तोललेला कचरा मला पीठ म्हणून लिहावा लागेल." त्यांनी जरा विचार केला. "मी असं करते. तात्पुरतं ग्राह्य, असं लिहिते. पुढचं पुढे."

तात्पुरतं ग्राह्य. परतीच्या होडीत पेनितलाला वाटलं, आपलं मानकरीपदही साधारण याच जातीचं आहे.

चौथ्या आठवड्यात त्याला उपाय सापडला असं वाटलं. दंडाचं खोकं फोडलंच नाही तर? वाटणीत मिळालेलं खोकं त्या मानकऱ्याने पुढच्या दंडात तसंच भरावं, ते दुसऱ्याला मिळावं, त्याने तिसऱ्यांदा भरावं. दंडही होईल, कचराही होणार नाही. सभेत हे बोलायची सोय नव्हती. न खाल्लेला दंड हा दंडच नव्हे. पण मानकऱ्यांपैकी काहींना हे आपोआप सुचलंच होतं, म्हणून पेनितलाने गुपचूप एका खोक्याच्या तळाला पेन्सिलीने फुली मारून ते दंडात सोडलं, आणि आपला बगळा कुठे कुठे उतरतो हे पाहणाऱ्या पक्षीतज्ज्ञासारखा तो त्याच्या मागावर राहिला. फुलीचं खोकं तीन आठवड्यांत सहा घरं फिरलं. सहाव्या घरी न्यूझीलंडहून जावई आला. जावयासमोर बंद खोकं ठेवून कोरडा तारोचा कंद वाढणारं घर सालेतोआत नाही.

पण तोवर सालोमे आत्याने सूत्रं हातात घेतली होती.

सालोमे आत्या म्हणजे पेनितलाच्या वडिलांची थोरली बहीण आणि महिला मंडळाची अध्यक्ष. महिन्यातून एकदा मंडळ शिट्टी वाजवत घरोघर फिरतं. पांघरुणं उन्हात घातली आहेत का, अंगण झाडलंय का हे बघतं. सालोमे आत्याची शिट्टी ऐकून कुत्रीसुद्धा नीट बसतात. एका सकाळी ती भाच्याच्या ओट्यावर येऊन बसली.

"तुझ्या बापाने ती झाडं लावली तेव्हा पाणी मी घालायची," ती म्हणाली. "त्याला लावायची हौस, घालायचा कंटाळा. डबे खड्ड्यात गेले नाहीत तर चालेल ना तुला?"

"चालेल, आत्या."

"मग माझ्यावर सोड. आणि सभेत बोलत जाऊ नकोस. तुझा आवाज तुझ्या आईवर गेलाय."

मंडळाने फर्मान काढलं. प्रत्येक अंगणाला डब्यांची किनार. डबे धुऊन, रंगवून, आत माती नि जास्वंद. तपासणीत गुण मिळतील. पहिलं येणाऱ्या घराला मंडळाची चटई.

सालेतोआतल्या बायका दंडाला भीत नाहीत, पण शेजारणीच्या अंगणाला भितात. सहाव्या आठवड्यात खड्ड्यावर एकशे अठरा किलो आले. सातव्यात एकशे चार. आठव्यात शहाण्णव. शहाण्णव हे दोनशे तीनच्या निम्म्याहून कमी आहेत. पेनितलाने तराजू तीनदा तपासला. डबे खड्ड्यात येतच नव्हते. सगळं गाव लाल-निळ्या डब्यांनी चौकटीत बसवल्यासारखं दिसत होतं. काही बायका तर पहाटे खड्ड्यात उतरून जुने डबे उपसत होत्या. ज्यांची किनार कोपऱ्यावर अपुरी पडत होती त्या दुकानात येऊन मासे मागत होत्या, हेही त्याला दिसत होतं, आणि त्याने ते वहीत लिहिलं नाही. विज्ञानाच्या माणसाने करू नये ते त्याने तेव्हा केलं. तो संध्याकाळी झाडांखाली जाऊन बसू लागला. एकदा त्याने सातव्या झाडाच्या बुंध्याचा घेर मोजला, कशासाठी ते न ठरवता. एक मीटर ब्याऐंशी.

"बघ," माकेरीता कोकोचा पेला त्याच्यापुढे ठेवून म्हणाली. "तुझ्या बापालाही कधी वाटलं नव्हतं, तू काही वाचवशील म्हणून."

ती हे प्रेमाने म्हणाली होती. त्याने ते तसंच घ्यायचा प्रयत्न केला.

नवव्या आठवड्यात पाच दिवस सलग पाऊस लागला, आणि त्यानंतर राजधानीहून आरोग्य खात्याचा एक तरुण आला. पलीकडच्या बेटावर डेंग्यूचे चार रोगी निघाले होते. त्याने फेतूच्या अंगणातल्या पहिल्या डब्यातली जास्वंद बाजूला सारून आत विजेरी मारली. मातीवर दोन बोटं पाणी साचलं होतं, आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं.

"डासांच्या अळ्या," पेनितलाने म्हटलं. त्याला त्यांचं शास्त्रीय नावही माहीत होतं. त्याने ते सांगितलं नाही.

"असे डबे किती आहेत गावात?" तरुणाने विचारलं.

पेनितलाला आकडा तोंडपाठ होता. "चार हजार एकशे अठरा."

तरुणाने टोपी काढली आणि परत घातली. सात दिवसांत सगळे डबे काढायचे, नाहीतर सबंध गावाला नोटीस. पुरायचे, उघड्यावर ठेवायचे नाहीत.

"डबे मातीसकट चेपत नाहीत," पेनितला म्हणाला. "माती काढून, आडवे करून, थोडे थोडे टाकले तर..."

"मास्तर," तुलिमा म्हणाला. चवरी त्याने हातात धरली होती, खांद्यावर टाकलेली नव्हती. "फेतूच्या नातीला परवापासून ताप आहे."

दोन दिवस एकचाकी हातगाडी फिरत राहिली. बायकांनी डबे जास्वंदीसकट आणून टाकले, आणि कोणी रडलं नाही, पण किनारीचं पहिलं बक्षीस मिळालेल्या घराने चटई मंडळाला परत पाठवली. त्या शनिवारी पेनितलाने खड्ड्याच्या काठावर पालथं पडून पट्टी आत सोडली. बारा सेंटिमीटर. अडीच आठवडे. म्हणजे सगळे मिळून जेमतेम साडेअकरा. काहीच केलं नसतं तर बारा मिळाले असते.

फेतूच्या नातीचा ताप उतरला. तो डेंग्यू नव्हता, दात येत होते. पाठोपाठ ऑफिसातल्या बाईंचं पत्र आलं. तात्पुरत्या ग्राह्यतेची मुदत संपली होती, तेव्हा प्रमाणित तराजूवर नव्याने बारा आठवडे मोजावेत, आणि तब्येतीची काळजी घ्यावी. शेवटची ओळ त्यांनी हाताने लिहिली होती.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सभा भरली. पेनितला उठून काही बोलणार तेवढ्यात वाईमानांनी डोळे उघडले. सभेत कुजबुज थांबली.

"तुझ्या बापाने झाडं लावली," ते म्हणाले, "तेव्हा रोपं मी धरली होती. तो मला म्हणाला, सरळ धर. मी म्हटलं, सरळच आहे. तो म्हणाला, तू वाकडा उभा आहेस." त्यांनी पाठ खांबाला टेकली. "दुसरीकडे माती असती तर मी तुझ्याकडे मागितली नसती."

"माहीत आहे," पेनितला म्हणाला.

"तू आकडे लिहिलेस ते बरोबर होते?"

"सगळे बरोबर होते."

वाईमानांनी डोळे मिटले.

झाडं बुधवारी पाडली. पाडण्याआधी तुलिमाने त्यांच्यापुढे उभं राहून भाषण केलं. ते चांगलं होतं. त्यात वादळ होतं, वडील होते, आणि सातही झाडांना त्याने एखाद्या पाहुण्या गावाच्या मानकऱ्यांना करावा तसा नमस्कार केला. पेनितलाला ते ऐकून वाटलं, हा माणूस आपला वैरी असता तर सोपं गेलं असतं. फळं निम्मी कच्ची होती. ती रिवाजाप्रमाणे मानाने वाटली गेली. शेवटच्या खांबाच्या वाट्याला चार आली.

खणायला चाळीस जण होते, आणि खणणाऱ्यांना जेवू घालायचं ते ज्याची जमीन त्याने. पेनितलाने भट्टीत ती चार फळं, तारो नि केळी असं मांडायला घेतलं. सालोमे आत्या येऊन बघून गेली आणि पुन्हा आली.

"तीन दिवस घाम गाळणाऱ्या पोरांना नुसता तारो घालणार? भावाचं थडगं पुढे आहे माझ्या. तो बघतोय."

"आत्या, दुसरं काय घालू?"

माकेरीता आधीच दुकानाकडे गेली होती. रोज दोन खोकी फोडली. पोरांनी कौतुकाने खाल्लं आणि मास्तरांच्या घरचा हात सढळ आहे असं एकमेकांत बोलले. हे पेनितलाने ऐकलं, आणि गेल्या बारा आठवड्यांत गावाने त्याच्याबद्दल काढलेलं पहिलं चांगलं वाक्य म्हणून त्याने ते ऐकून घेतलं.

शुक्रवारी दुपारी चार वाजता खड्डा पुरा झाला. लांबी सात मीटर, रुंदी पाच, खोली दोन मीटर साठ. कडेच्या मातीतून मुळं डोकावत होती. सर्वांत जाड बावीस सेंटिमीटर. तीन दिवसांच्या जेवणाचे एकशे चव्वेचाळीस डबे मुलांनी पूर्वेच्या कोपऱ्यात ओतले आणि ती घरी गेली. पेनितला शिडी लावून खाली उतरला. त्या कोपऱ्यात त्याने पट्टी उभी धरली आणि काठापर्यंत मोजलं.

दोन मीटर एकोणतीस.